पायांची सूज: क्रेप बँडेज की स्टॉकिंग?

घरातल्या आजी-आजोबांच्या पायांना सूज आली, डॉक्टरांनी तपासून "पायांना दाब द्या" म्हणून सांगितलं, की दवा बाजारातल्या सर्जिकल दुकानात दोन वस्तू समोर येतात: क्रेप बँडेज आणि दाबाचे मोजे, म्हणजे स्टॉकिंग. सूज एकाच पायावर अचानक आली असेल, पोटरी गरम आणि दुखरी असेल किंवा धाप लागत असेल, तर यातलं काहीच न घालता ताबडतोब डॉक्टरांकडे जावं. मधुमेह किंवा तंबाखूमुळे पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील तर दाबाने इजा होते, तेही आधी तपासून घ्यावं. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन चालू असेल तर सूज त्या गोळीचीही असू शकते. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, पण विचारावं जरूर.

बँडेज स्वस्त, कुठल्याही मेडिकलवर मिळतं आणि मापाची कटकट नाही. पाय खूप सुजलेला असून घेर रोज बदलत असेल तेव्हा तेच बरं, कारण त्या दिवसांत मापाने घेतलेले मोजे सूज उतरल्यावर सैल पडतात. पायावर जखम असेल तरी बँडेजच, पण ड्रेसिंग करणाऱ्याला विचारून. 10 सेंमी रुंदीचं घ्या. पाऊल नडगीशी काटकोनात ठेवून बोटांच्या मुळापासून सुरुवात करायची, टाच झाकायची, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवायचा आणि गुडघ्याच्या दोन बोटं खाली थांबायचं. टाच उघडी राहिली की नेमकी तिथेच सूज फुगते.

इतकं नीट बांधूनही दुपारपर्यंत ते टिकत नाही. आजी न्हाणीघरात जाऊन आल्या, देवापुढे बसून उठल्या, की वरचे वेढे घसरतात आणि पोटरीखाली त्यांची वळी होते. ही वळी पायाला दोरीसारखी आवळते. तिच्याखालचं पाऊल सकाळपेक्षा जास्त सुजतं आणि संध्याकाळी सोडताना खोल वण दिसतो. मग दुपारी पुन्हा बांधणार कोण? सकाळी सूनबाई बांधतात, रविवारी मुलगा. एकाचा हात घट्ट, दुसऱ्याचा सैल. दाब घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर कमी कमी होत गेला पाहिजे. हाताने बांधताना तो सहज उलटा पडतो. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला.

स्टॉकिंगमध्ये हा चढ-उतार विणीतच असतो, त्यामुळे कोणीही चढवले तरी दाब तोच. जर्मन मापानुसार दाबाचा पहिला वर्ग 18 ते 21 मिमी पारा (रक्तदाब मोजतात तेच एकक), दुसरा 23 ते 32. साध्या सुजेला बहुधा पहिला पुरतो; दुसरा डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्यावा. माप सकाळी, पाय खाली सोडण्याआधी घ्यायचं: घोट्यावरचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत मोठा घेर आणि टाचेपासून गुडघ्याच्या वळीखालपर्यंतची लांबी. संध्याकाळच्या मापाचे मोजे हमखास ढिले निघतात.

चढवणं मात्र कष्टाचं, हे कबूल करायला हवं. मोजा टाचेपर्यंत उलटा करून आधी पाऊल आत घालायचं, टाच टाचेवर नीट बसवायची, मग भांडी घासायच्या रबरी हातमोज्यांनी तळव्याने चोळत थोडा थोडा वर सरकवायचा. वरची कड ओढून दुमडली तर बँडेजसारखीच वळी होते. सकाळी पायाला तेल लावू नये. ते रात्री, मोजे काढल्यावर. बोटं उघडी असलेला प्रकार घ्यावा, घालायला सोपा आणि बोटं निळसर पडली तर लगेच दिसतं.

इंदूरच्या मे महिन्यात मोजे नकोसे होतात, पण उन्हाने शिरा सैलावून सूजही तेव्हाच वाढते. दुपारी मोजे काढायचेच असतील तर आडवं होऊन, पाय उशांवर छातीच्या वर ठेवून अर्धा तास पडावं. हृदयविकार असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच. मीठ, म्हणजे पोह्यांवरची शेव आणि लोणचं, कमी केल्याशिवाय मात्र दोन्ही उपाय अर्धेच राहतात.

दोन जोड घ्या. कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. पावसाळ्यात एक जोड दिवसभरात वाळत नाही. सहा महिन्यांनी ताण जातो, मोजा सहज चढू लागला की बदला.