फोनला जोडले गेले म्हणजे इअरबड ओरिजिनल, असं समजू नका

दुकानदाराने तुमच्यासमोर इअरबड फोनला पेअर करून दाखवले, स्क्रीनवर त्यांचं चित्र आणि बॅटरीचे टक्के आले, तरी तेवढ्यावर पैसे देऊ नका. नाशिकला एमजी रोडवरच्या एका मोबाइलच्या दुकानात मला नेमकं हेच दाखवून साडेबारा हजारांना फसवलं. नंतर जाब विचारायला गेलो तेव्हा काउंटरवर एका कॉलेजच्या पोराला तोच प्रयोग दाखवणं चालू होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

भाऊबीजेला बहिणीला एअरपॉड्स प्रो, म्हणजे ॲपल कंपनीचे इअरबड, द्यायचे होते. दुकानदार म्हणाला, "दादा, ओपन बॉक्स पीस आहे, डिस्प्लेसाठी उघडलेला. म्हणून स्वस्त पडतोय." ओपन बॉक्स माल बाजारात खरोखर असतो, त्यामुळे यात वावगं काही नव्हतं. माझा फोन अँड्रॉइड. "तुमच्या फोनवर ते इअरबडच्या चित्राचं कार्ड येत नाही, आमच्यावर दाखवतो," म्हणत त्याने काउंटरखालून एक जुना, गोल बटणाचा आयफोन काढला. हेही खरंच आहे, अँड्रॉइडवर ते कार्ड येत नाही. डबीचं झाकण उघडलं आणि क्षणात स्क्रीनवर पांढरं कार्ड वर आलं. त्यावर फिरणारं चित्र, खाली चार्जिंगचा आकडा. मग खोक्यावरचा सिरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला, तर वॉरंटीसुद्धा शिल्लक दिसली. "नकली असतं तर फोनने ओळखलं असतं का, दादा?"

भाऊबीजेच्या दिवशी बहिणीने तिच्या नव्या आयफोनजवळ डबी उघडली, तर हे एअरपॉड्स अस्सल असल्याची खात्री करता येत नाही, अशा अर्थाची सूचना आली. ओवाळणीत दिलेल्या वस्तूवर तिच्या सासरच्या माणसांसमोर असा संदेश यावा, याचा मला आजही संताप येतो. तिने काही न बोलता डबी मिटली.

यामागची चलाखी समजून घ्या. झाकण उघडलं की डबीतल्या इअरबडची चिप ब्लूटूथवरून एक छोटा संदेश सोडते: मी अमुक मॉडेल, चार्जिंग इतकं. जवळचा आयफोन तो वाचतो आणि त्या मॉडेलचं चित्र दाखवतो. चित्र फोनमध्येच असतं, इअरबडमधून येत नाही. नकली चिप बनवणारे तोच संदेश जसाच्या तसा सोडतात. ब्लूटूथच्या यादीत दिसणारं नावही हवं ते ठेवता येतं. सिरियल नंबर तर एखाद्या अस्सल डबीवरचा उचलून कितीही खोक्यांवर छापता येतो, म्हणून वेबसाइट वॉरंटी दाखवते. ती वॉरंटी दुसऱ्याच कुणाच्या तरी डबीची असते.

मग जुना आयफोन कशासाठी? अस्सल नसल्याची ही सूचना आयफोनवर २०२२ च्या आयओएस १६ या सॉफ्टवेअरपासून येऊ लागली, आणि आयफोन ७ किंवा त्याआधीच्या फोनवर आयओएस १६ चढतच नाही. तो फोन काउंटरखाली मुद्दाम ठेवलेला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

ताईने घरी मिक्सर लावून पाहिला. नॉइज कॅन्सलेशनचा, म्हणजे बाहेरचा आवाज दाबण्याचा पर्याय स्क्रीनवर दिसतो, बोट ठेवलं की बदलतोही, पण मिक्सरची घरघर कानात तेवढीच. अस्सल इअरबडमध्ये पंखा, मिक्सर, बसचं इंजिन असे एकसारखे आवाज लगेच दबतात. दुकानात पंख्याखाली उभं राहून दोन मिनिटांत हे तपासता येतं. आणि पेअरिंग बघायचंच असेल तर ओळखीतल्या कुणाचा तरी अपडेट केलेला आयफोन सोबत न्या, दुकानाच्या फोनवर बघू नका. खोक्यावर एमआरपी, आयातदाराचं नाव-पत्ता आणि ग्राहक सेवेचा नंबर छापलेला हवा. माझ्या खोक्यावरची ती जागा कोरी होती. विचारलं तेव्हा, डिस्प्ले पीसचा स्टिकर काढून टाकतात, असं उत्तर मिळालं होतं.

सगळ्यात पक्का डाव बिलात होता. परत गेलो तर हा गृहस्थ शांतपणे म्हणाला, "मी ओरिजिनल कुठे म्हणालो? बिल बघा." बिलावर हाताने लिहिलेलं: ब्लूटूथ इअरफोन, १ नग. कंपनी नाही, मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. खाली शिक्का, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. यूपीआयचे पैसेही दुकानाच्या नावावर न जाता कुणा माणसाच्या खात्यात गेले होते. त्यामुळे बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय स्कॅन करू नका, आणि स्कॅन केल्यावर समोर कोणाचं नाव येतं ते वाचा.

त्या शिक्क्याला मात्र घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानातून फोन आला, "पैसे नाही, पण त्या किमतीचं दुसरं काही घेऊन जा." मी नाही म्हणालो. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून करता येतो.

दिवाळीत तिकडून असा ओपन बॉक्स पीस कुणी घेतला असेल तर खोकं, बिल आणि यूपीआयची पावती टाकून देऊ नका, आणि दुकानदाराने बदली वस्तू देऊ केली तर ती घेण्याआधी तक्रार नोंदवा.