शेफिल्ड टॅप: स्टेशनवरच्या पबात खरंच चांगली बिअर मिळते

मुलगी शेफिल्डला शिकायला आहे, तिला भेटून लंडनला परत निघालो तर गाडीला तासभर होता म्हणून स्टेशनवरच्याच शेफिल्ड टॅपमध्ये शिरलो, आणि खरं सांगतो, इतकी छान बिअर मी आजवर प्यायलो नव्हतो. आपल्या इंदूरच्या स्टेशनवर चहा मिळतो, तिथे चक्क पब आणि त्याचा दरवाजा थेट फलाटावर उघडतो! 1904 ची फर्स्ट क्लासवाल्यांची रिफ्रेशमेंट रूम होती ती, कित्येक वर्षं बंद पडलेली, 2009 मध्ये दुरुस्त करून पब सुरू केला. जुन्या टाइल्स, लाकडी काउंटर, बघतच राहावंसं वाटतं.

काउंटरवरच्या, पिंपातून बिअर ओढायच्या पंपांवर 'जयपूर' नाव दिसलं, मग दुसरं काय घेणार! थॉर्नब्रिज नावाच्या ब्रुअरीची बिअर आहे, शेजारच्या डर्बीशायरमध्ये बनते, 5.9 टक्के. काउंटरवरच्या मुलीने लांब दांडा सावकाश ओढला, ग्लासात आधी सगळं गढूळ, दुधाळ, मग खालून वर हळूहळू नितळ होत गेलं आणि वर बोटभर दाट फेस राहिला. वास संत्र्याच्या सालीचा, कडूपणा शेवटी येतो आणि जिभेवर रेंगाळतो. ही कास्क बिअर पिंपातच पुन्हा आंबते, वरून गॅस भरत नाहीत, आणि 11 ते 13 डिग्रीला देतात, त्यामुळे आपल्याला बर्फगार बाटलीची सवय असली की पहिला घोट कोमट वाटतो, पण दोन मिनिटं थांबा, गार बिअरमध्ये न कळणारी चव यात कळते.

त्याच ट्रिपमध्ये दुसऱ्या एका स्टेशनवरच्या पबात मात्र फसलो होतो, आठ पंप आणि गिऱ्हाइकं तीन, बिअर व्हिनेगरसारखी आंबट. पीप एकदा उघडलं की तीनेक दिवसांत संपायला पाहिजे, नाहीतर हवेने बिघडतं. इंदूरच्या सराफा खाऊगल्लीत ज्या कढईभोवती गर्दी असते तिथलाच गराडू, म्हणजे तळलेला कंद, आपण घेतो ना, अगदी तसंच बघायचं. पंप किती आहेत ते मोजू नका, किती चालताहेत ते बघा. आंबट निघाली तर सरळ परत करा, मला बदलून दिली, कुणी वाकडं तोंड केलं नाही. आणि आधी घोटभर चाखायला मागा, बिनधास्त मागा, तिथे देतात.

पूर्ण पाइंट म्हणजे 568 मिली, प्रवासात जड होतो. मी अर्धा अर्धा करून दोन वेगवेगळ्या घेतल्या, दुसरी काळी स्टाउट होती, कॉफीसारखी, तीही मस्त, पण मार्चमध्ये पुन्हा जातोय तेव्हा पहिली मागणार ती जयपूरच.