कॉमन ॲप, यूसीचा अर्ज की स्वतंत्र रेझ्युमे: उपक्रम कुठे मांडायचे?

बारावीनंतर अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करणारी बरीच मुलं आधी सुंदर रेझ्युमे करत बसतात. आमचं मत उलट आहे: आधी अर्जातले रकाने भरा, कारण वाचले जातात ते तेच.

कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, जास्तीत जास्त १० उपक्रम मावतात. पदाला ५० कॅरेक्टर, संस्थेच्या नावाला १००, वर्णनाला १५०. मोकळी जागाही मोजली जाते. इयत्ता, आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे यांना वेगळे रकाने आहेत, म्हणून ते वर्णनात पुन्हा लिहू नका. पुरस्कारांना स्वतंत्र ५ जागा आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या म्हणजे यूसीच्या अर्जात मात्र पुरस्कार, स्वयंसेवा, नोकरी सगळं मिळून २० नोंदी, आणि वर्णनाला ३५० कॅरेक्टर. नववीत दिलेली इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा कॉमन ॲपमध्ये पुरस्कारांत बसते आणि उपक्रमाची जागा वाचते. यूसीत ती २० पैकी एक जागा घेते.

दोन्हीकडे घोळ होतो तो तासांचा. ढोल-ताशा पथकाचा सराव गणपतीआधी दीड-दोन महिने चालतो. तिथे आठवडे ८ लिहायचे, ५२ नाही. सगळ्या उपक्रमांचे तास एकत्र मांडून पाहा: शाळा आणि क्लास सांभाळून आठवड्याला ५० तास निघत असतील, तर वाचणारा कशावरच विश्वास ठेवणार नाही. ‘पथक’ म्हणजे काय हेही त्याला ठाऊक नसतं. ‘सदस्य होतो’ यात १५० कॅरेक्टर घालवण्यापेक्षा किती जणांना ताल शिकवला, मिरवणुकीत कोणती जबाबदारी घेतली, हे लिहा. एनसीसीचंही पूर्ण नाव द्या.

स्वतंत्र रेझ्युमे हवा तो दोनच वेळी. कॉलेजने अर्जात तो जोडायची सोय दिली असेल तेव्हा, आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्या बाईंना किंवा सरांना द्यायला. या दुसऱ्या कामाला तो फार उपयोगी पडतो. वर्गाबाहेरचं तुमचं काम त्यांना एरवी कळणार कसं? एक पान, पीडीएफ. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, खाली सहीसकट प्रतिज्ञापत्र, ही बायोडेटाची सवय इथे सोडा. फॉर्ममधलंच पुन्हा उतरवायचं असेल तर कॉलेजला रेझ्युमे पाठवू नका.

दोन्ही अर्ज भरायचे असतील तर आधी १५० कॅरेक्टरचं वर्णन लिहा आणि मग यूसीसाठी वाढवा. ३५० वरून कापताना नेमके आकडेच गळतात.