पत्र्याचा कूलर, जळगावचा उन्हाळा: मार्च ते जून वापरल्यावर

आधी निकाल सांगतो. जळगाव-भुसावळकडच्या कोरड्या उन्हात बारा बाय बाराच्या खोलीला हा कूलर पुरतो. पारा 44 वर आणि हवेतली आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास असली, की झोतात 28-30 अंशांची हवा मिळते. वीज साधारण 200 वॅट, त्यामुळे इन्व्हर्टरवरही चालतो.

फसतं ते बसवण्यात. कूलर खोलीत ठेवून खिडक्या लावून घेतल्या, की तासाभरात अंथरूण दमट लागतं. कूलरची पाठ बाहेर, शक्यतो सावलीत हवी आणि समोरची खिडकी वीतभर उघडी. दमट हवेला वाट नसेल तर तो नुसता महागडा पंखा.

खरा खर्च पाण्याचा. भर दुपारी तासाला 8-10 लिटर उडतं, म्हणजे 70 लिटरची टाकी सात-आठ तासांत तळाला जाते. नळाला दिवसाआड पाणी येत असेल तर हा हिशेब कूलर घेण्याआधीच करा. बोअरचं पाणी असेल तर दुखणं वेगळं: पाणी उडतं, क्षार मागे राहतात. वरून नुसती भर घालत राहिलं की टाकीतलं पाणी दिवसागणिक जड होतं. मग हनीकोंब पॅडच्या (पाण्याने भिजत राहणारी, मधाच्या पोळ्यासारखी जाळी) कडांना पांढरी खरपुडी धरते, त्यावर पाणी सोडणाऱ्या वरच्या नळीची भोकं बुजतात, पॅडवर कोरडे पट्टे पडतात आणि नेमकी तिथून गरम हवा घुसते. दर तिसऱ्या दिवशी टाकी पूर्ण उपसा. लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून नळी अर्धा तास बुडवा, भोकं दाभणाने मोकळी करा. पॅड ओलं असताना घासू नका, त्याचे पापुद्रे सुटतात. वाळल्यावर मऊ ब्रश फिरवा. गवताचं पॅड स्वस्त, पण एका मोसमाचं. ते खाली बसतं आणि वर फट पडते.

कुबट वास येतो तो ओल्या पॅडचा. सकाळी आधी पंप बंद करून पंखा वीस मिनिटं चालू ठेवा. आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करायचीच, डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातही वाढतो.

बॉडी पत्र्याची, म्हणून अर्थिंग तपासून घ्या आणि पाणी भरताना प्लग काढाच. मोटर नुसती गुणगुणत असेल तर वायंडिंगच्या (मोटरमधली तार नव्याने गुंडाळण्याच्या) खर्चाला हो म्हणण्याआधी कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू करून देणारा छोटा भाग, बदलून बघा.

मृगाचा पाऊस लागला की याचा उपयोग संपतो. पंप बंद ठेवून पंख्यासारखा वापरा, नाहीतर झाकून ठेवा.