परसबागेच्या बियाण्यांची पिशवी : एका हंगामाचा अनुभव

मृगाच्या आठवड्यात तालुक्याच्या कृषी केंद्रात कपाशीचे बियाणे घेत असताना दहा भाज्यांच्या पाकिटांची ‘परसबाग’ पिशवी नजरेस पडली आणि १८० रुपये देऊन ती घेतली. घरची शेती असताना भाजीचे बियाणे असे पिशवीतून आणावे लागते, याचे शहरातल्या वाचकांना नवल वाटेल. परंतु यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावांत कपाशी, तूर आणि सोयाबीन यांखेरीज शेतात आता फारसे काही उरलेले नाही. पूर्वी बाया कपाशीच्या तासांत अंबाडी, चवळी, ढेमसे टोबत असत. तणनाशकाची फवारणी सुरू झाल्यावर ते बंद पडले आणि सगळे घर गुरुवारच्या बाजारावर अवलंबून राहिले. गुरुवारी आणलेला पालक शनिवारी मान टाकतो आणि सोमवारपासून आलू व चून (पिठले) यांचीच आलटून पालटून पाळी येते.

प्रत्येक पाकिटावर उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि मुदत स्पष्ट छापलेली होती. तरीही भेंडीचे वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. त्यांतल्या चौदा दाण्यांना मोड आले. पाकिटावर किमान ६५ टक्के लिहिले होते, म्हणजे दावा खरा निघाला. ही भेंडी ‘परभणी क्रांती’ जातीची, सरळ वाणाची असल्याने तिचे बी पुढच्या वर्षी धरता येते. टोमॅटोचे बियाणे मात्र संकरित होते. त्याचे बी धरल्यास पुढची झाडे मूळच्या झाडासारखी येत नाहीत, आणि ही गोष्ट सोबतच्या माहितीपत्रकात कुठेही सांगितलेली नाही.

माहितीपत्रक हाच या पिशवीचा सर्वांत कच्चा भाग आहे. दहाही भाज्या पहिल्या पावसानंतर पेराव्यात, असे त्यात सरसकट लिहिले आहे. त्यावर विसंबून फुलकोबीची रोपे टाकली आणि जुलैच्या झडीत काळ्या जमिनीत पाणी साचून ती बुडापाशी सडून आडवी झाली. गादीवाफा (उंच केलेला वाफा) करावा, एवढी एक ओळ छापली असती तरी रोपे जगली असती. सांबाराचे (शहरात ज्याला कोथिंबीर म्हणतात) बी तसेच अख्खे पेरले, तर बारा दिवस काहीच दिसले नाही. नंतर सासूबाईंनी उरलेले बी पाटावर चपलेने हलके रगडून दोन फाकी केले, रात्रभर भिजवले, तेव्हा आठवड्याभरात वाफा हिरवा झाला. दुधीच्या वेलाला सुरुवातीला नुसतीच नरफुले येतात, हेही पत्रकात नाही. फुलामागे बोटभर लवकी (दुधीचे फळ) दिसेपर्यंत आम्ही वेल वांझ निघाला असे समजून तो उपटायलाच निघालो होतो.

बाकी पिशवीने निराश केले नाही. न्हाणीचे पाणी चारीने वळवून कुंपणालगत दोडका, कारले आणि दुधी सोडले. त्यांना पावसाळा संपल्यावरही वेगळे पाणी लागले नाही. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत चवळीच्या शेंगा आणि भेंडी दिवसाआड निघाली. चवळीवर मावा आला तेव्हा निंबोळीचा पाच टक्के अर्क फवारला. घरच्या भाजीवर काय फवारले आणि केव्हा, हे आपल्याला ठाऊक असते. कपाशीची फवारणी पाहणाऱ्या माणसाला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पैशांची बचत किती झाली, याचा हिशेब ठेवला नाही. वानरांनी खाल्लेली वांगी त्यात कुठे धरावीत, हाही प्रश्नच आहे.

बियाण्यासाठी पाचपैकी चार आणि माहितीपत्रकासाठी एक गुण द्यावा लागेल. ज्यांच्या घरी शेणखत आणि थोडे कुंपण आहे, त्यांनी ही पिशवी जरूर घ्यावी. फुलकोबीचे पाकीट मात्र पाऊस ओसरेपर्यंत बाजूला ठेवावे. टोमॅटो सरळ वाणाचा हवा असल्यास तो सुटा मागून घ्यावा. आमच्या भेंडीच्या तीन शेंगा झाडावरच वाळवून चुलीवरच्या दोरीला टांगल्या आहेत, त्यामुळे येत्या मृगाला त्या पाकिटाचे पैसे लागणार नाहीत.