शिक्षक संघटनेचं सदस्यत्व आणि कार्यकारिणीतली राखीव जागा: माझा अनुभव

इंग्लंडमध्ये शिकवायला येणारे मराठी शिक्षक एक प्रश्न हमखास विचारतात. संघटनेची वर्गणी भरायची का, आणि भरायची तर कुठल्या संघटनेची? माझं उत्तर असं: जरूर भरा, आणि शक्यतो ज्या संघटनेच्या कार्यकारिणीत एलजीबीटी+ (लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, ट्रान्स वगैरे) सदस्यांसाठी जागा राखीव आहे तिची भरा. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते, समलिंगी आहे आणि संघटनेची सदस्य आहे. माझ्या संघटनेचं नाव इथे लिहीत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत.

नेहमीच्या सेवेबद्दल थोडक्यात. पगार, रजा, कामाचे तास, कराराची भाषा या सगळ्यावर सल्ला मिळतो आणि तो चांगला असतो. शिस्तभंगाच्या किंवा तक्रारीच्या सुनावणीला संघटनेचा प्रतिनिधी सोबत नेण्याचा हक्क १९९९ च्या एम्प्लॉयमेंट रिलेशन्स अ‍ॅक्टनेच दिलेला आहे. शाळा त्याला नाही म्हणू शकत नाही. फक्त अडचण उभी राहिल्यावर सदस्य झालात तर त्या जुन्या प्रकरणात सहसा मदत मिळत नाही, म्हणून नोकरी लागताच नाव नोंदवा.

आता राखीव जागेकडे येते. एनयूटी आणि एटीएल या शिक्षकांच्या दोन संघटना मिळून सप्टेंबर २०१७ मध्ये नॅशनल एज्युकेशन युनियन झाली. तिच्या राष्ट्रीय कार्यकारिणीत कृष्णवर्णीय, अपंग आणि एलजीबीटी+ सदस्यांसाठी राखीव जागा आहेत. इथल्या कामगार संघटनांची शिखर संस्था असलेल्या ट्रेड्स युनियन काँग्रेसच्या जनरल कौन्सिलमध्येही अशी जागा आहे. त्यामुळे ही एखाद्या संघटनेची हौस आहे, असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही.

तिचा उपयोग काय, हे मला एका फोनवर कळलं. आधीच्या एका शाळेत मला सांगण्यात आलं की वर्गात मुलांसमोर जोडीदाराचा उल्लेख टाळावा. बाकीचे सहकारी नवऱ्याबद्दल, बायकोबद्दल, सुट्टीत कुठे गेलो त्याबद्दल मोकळेपणी बोलत होते. मी शाखेच्या प्रतिनिधीला लिहिलं. माणूस भला, पण गोंधळला. त्याने मला राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईंशी जोडून दिलं. त्यांनी संध्याकाळी फोन केला. काय झालं, कोण काय म्हणालं, हे त्यांनी नंतर विचारलं. पहिला प्रश्न होता, "शाळेत तुझ्याबद्दल कोणाकोणाला माहीत आहे?"

या प्रश्नासाठीच ती जागा हवी. पगाराची तक्रार केली तर फक्त पगाराची गोष्ट बाहेर येते. ही तक्रार केली की आपण स्वतःच बाहेर येतो: ऑफिसात, प्रशासक मंडळापुढे, कधी पालकांपुढेही. ज्याने हे स्वतः भोगलंय त्याला ते समजावून सांगावं लागत नाही. आधी कोणाला कळलेलं चालेल ते ठरवून मगच अर्जाचा मसुदा करायचा, एवढी साधी गोष्ट, पण मला ती दुसऱ्या कोणी सुचवली नव्हती. बाईंनी पुढे सांगितलं: ती सूचना लेखी मागून घे, २०१० च्या इक्वालिटी अ‍ॅक्टचा, म्हणजे भेदभावाविरुद्धच्या कायद्याचा, उल्लेख एका वाक्यात कर, बैठकीला एकटी जाऊ नकोस. मी लेखी मागितल्यावर शाळेने सूचना मागे घेतली. प्रकरण सुनावणीपर्यंत गेलंच नाही.

इथल्या वयस्क सहकाऱ्यांशी बोललं की या जागेमागची वर्षं दिसतात. मे १९८८ मध्ये 'सेक्शन २८' लागू झालं. स्थानिक प्रशासनांनी समलैंगिकतेला उत्तेजन देऊ नये आणि समलिंगी नातं हे कुटुंब म्हणून स्वीकारार्ह आहे अशी शिकवण सरकारी खर्चाच्या शाळांत वाढू देऊ नये, असं ते कलम. स्कॉटलंडमध्ये ते २००० साली रद्द झालं, इंग्लंड आणि वेल्समध्ये नोव्हेंबर २००३ मध्ये. त्याखाली शिक्षकांवर खटले चालले नाहीत, तरी त्याने शिक्षकांची तोंडं बंद केली. वर्गात एखाद्या मुलाला कोणी घाणेरडं चिडवलं तर मध्ये पडावं की नाही, याचीसुद्धा भीती वाटायची, असं आमच्या विज्ञान विभागातले एक सर सांगतात. अमेरिकेतही नेमके शिक्षकच कचाट्यात सापडले. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर १९७८ मध्ये 'प्रपोझिशन ६' मताला टाकलं होतं. समलिंगी शिक्षकांना सरकारी शाळांतून काढायची ती तरतूद होती. लोकांनी ती पाडली, आणि पाडायच्या लढ्यात शिक्षक संघटनाही होत्या.

आपल्याकडचं उदाहरण तर मला कधी विसरता येत नाही. प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. ते समलिंगी होते. त्यांच्या घरात घुसून चित्रीकरण झालं आणि फेब्रुवारी २०१० मध्ये निलंबित केलं गेलं त्यांनाच. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. अशा वेळी हाताशी वकील असतो, पत्रकार असतात. पण 'माझ्या धंद्यातलं, माझ्यासारखंच कोणीतरी अधिकाराच्या खुर्चीवर आहे आणि त्याला फोन करायचा माझा हक्क आहे' ही गोष्ट निराळी. वर्गणी मी त्यासाठी भरते.

'लायक उमेदवार असेल तर खुल्या जागेवरून येईलच की,' हे मी स्टाफरूममध्ये अनेकदा ऐकलंय. गावात वॉर्ड राखीव होतो तेव्हा निदान तिथे एक वस्ती असते, ओळखीपाळखी असतात. समलिंगी किंवा ट्रान्स शिक्षकांची वस्ती नसते. एका शाळेत एखादा, पुढच्या शाळेत कोणी नाही, तिसऱ्या शाळेत असून गप्प. जिल्ह्याच्या जागेसाठी अशी मतं गोळा होणार तरी कशी? आणि राखीव जागेने बाकीच्या जागांची दारं बंद होत नाहीत, तिथेही उभं राहता येतंच.

आता त्रुटी. सगळ्यात अवघड प्रश्न मतदाराचा आहे. राखीव जागेवर सगळ्या सदस्यांनी मत दिलं तर आमचा प्रतिनिधी बहुसंख्य ठरवतात. फक्त एलजीबीटी+ सदस्यांनी द्यायचं म्हटलं तर त्यांची यादी लागते, आणि अशी यादी हीच धोक्याची वस्तू. जीडीपीआर या खासगी माहिती जपण्याच्या कायद्याच्या नवव्या कलमात लैंगिक कल आणि संघटनेचं सदस्यत्व या दोन्ही गोष्टी विशेष जपायच्या माहितीत मोडतात, ते उगाच नाही. माझ्या मते सगळ्यांनी मत द्यावं, पण उमेदवार एलजीबीटी+ सदस्यांच्या परिषदेपुढे येऊन प्रश्नांना तोंड देऊन गेलेला असावा. आमच्याकडे तशी सक्ती नाही, ती हवी.

दुसरं, कामगार संघटनांबद्दलच्या १९९२ च्या कायद्याप्रमाणे कार्यकारिणीची निवडणूक टपालाने, गुप्त मतदानाने होते. पाकिटात उमेदवारांची निवेदनं येतात. खुल्या जागेचे उमेदवार कामाच्या ताणावर, पगारावर लिहितात. राखीव जागेचा उमेदवार निम्मं निवेदन स्वतःची ओळख सांगण्यात घालवतो आणि काम काय करणार त्याला चार ओळी उरतात. संघटनेने त्यांना जास्त शब्द द्यावेत.

तिसरी माझी खरी तक्रार. एका निवडणुकीत या जागेला उमेदवारच मिळाला नाही आणि ती रिकामी राहिली. उभं राहायचं म्हणजे छापील कागदावर, हजारो घरांत स्वतःला जाहीर करायचं. चर्चच्या शाळेत नोकरी करणारा किंवा नोकरी अजून कायम न झालेला शिक्षक ते करेल कसा? संघटनेने जागा ठेवली, पण उमेदवाराच्या नोकरीला नंतर धक्का लागला तर आपण काय करू, हे एका शब्दाने सांगितलं नाही. शिवाय लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, ट्रान्स अशा सगळ्यांना मिळून एकच माणूस. ट्रान्स सहकाऱ्याचे प्रश्न, नावाच्या नोंदी, स्वच्छतागृह, उपचारांची रजा, हे माझ्यापेक्षा वेगळे आहेत, आणि ते माझ्या तोंडून मांडले जावेत असं मला वाटत नाही. त्यांची जागा वेगळी हवी.

तरी पाचपैकी चार तारे देते. नव्याने येणाऱ्यांनी अर्ज भरताना 'समानता' या भागात सांगायचं नसेल तर 'सांगू इच्छित नाही' निवडावं, मदत तरीही मिळते. सही करण्याआधी शाखेला तीन गोष्टी विचारा: राखीव जागेवर सध्या कोण आहे, त्यांना थेट फोन करता येतो का, आणि त्या गेल्या वर्षभरात कुठले ठराव घेऊन गेल्या. आमच्याकडे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच मिळतात. तिसऱ्यासाठी दर सत्राला लेखी अहवाल छापा, असा ठराव मी शाखेत मांडलाय. पुढच्या बैठकीत त्यावर मतदान आहे.