भगवा डाळिंबाचा हिशोब: ऑल्टमेट्रिकचा आकडा की केस स्टडी?

विद्यापीठातल्या संशोधनाचा समाजाला काय उपयोग झाला, हे दाखवायची जबाबदारी तुमच्या कक्षावर आली असेल, तर समोर मुख्यतः दोन वाटा आहेत. दोन्ही एकाच उदाहरणावर लावून पाहू: राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेलं डाळिंबाचं ‘भगवा’ हे वाण.

पहिली वाट ऑल्टमेट्रिकची, ती झटपट आहे. शोधनिबंधाचा उल्लेख बातम्या, समाजमाध्यमं, विकिपीडिया, धोरणविषयक कागदपत्रं यांत किती झाला ते पाहून रंगीत कड्यात एक आकडा मिळतो. पण त्याला मुख्यतः निबंधाचा दुवा किंवा डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, लागतो. सांगोल्याचा बागायतदार बहार धरताना डीओआय शोधत नाही. बाजार समितीत खोक्यावर ‘भगवा’ एवढंच लिहिलेलं असतं. विद्यापीठाचं नाव नसतं, निबंध तर दूरच. दुष्काळी तालुक्यांत बागा उभ्या राहिल्या तरी ते रंगीत कडं जवळपास कोरं राहू शकतं.

दुसरी वाट आरईएफमधली, म्हणजे ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या संशोधनाच्या देशव्यापी मूल्यमापनातली, इम्पॅक्ट केस स्टडी; इम्पॅक्ट म्हणजे संशोधनाचा समाजावर झालेला परिणाम. तिथे २०१४ साली एकूण गुणांत इम्पॅक्टला २० टक्के भार होता, २०२१ मध्ये तो २५ झाला. मूळ संशोधन कोणतं, कोणाचं काय बदललं आणि पुरावा काय, हे २०२१ मध्ये पाच पानांत मांडायचं होतं. २०१४ साली अशा ६,९७५ केस स्टडी आल्या. भगव्याला हा साचा बराच बसतो: रोपांची विक्री, निर्यातीच्या नोंदी, शेतकऱ्यांची पत्रं. जमवाजमवीला मात्र महिने जातात.

दोन गोष्टी मला खटकतात. एक, मूळ संशोधन साधारण वीस वर्षांच्या आतलं लागतं. भगव्याच्या वंशात ‘गणेश’ वाण आहे आणि त्याची निवड पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात १९३६ साली झाली. ते काम अशा मुदतीत कुठेच बसत नाही. दुसरी जास्त गंभीर: केस स्टडीत फायदाच सांगायचा असतो. तेल्या या डाळिंबावरच्या जिवाणूजन्य रोगाने बागा उपटाव्या लागल्या, सगळीकडे एकच वाण असल्याची जोखीम वाढली, याला तिथे रकानाच नाही.

टाइम्स हायर एज्युकेशनने २०१९ साली सुरू केलेली इम्पॅक्ट क्रमवारी अख्ख्या विद्यापीठाची असते. एका वाणासाठी तिचा उपयोग नाही.

मी केस स्टडीच निवडेन, वीस वर्षांची अट सोडून आणि तेल्यासाठी एक पान राखून. ऑल्टमेट्रिक फक्त कोणी दखल घेतली ते हुडकायला वापरा. आणि आधी रोपवाटिकेची जुनी विक्री रजिस्टरं ताब्यात घ्या. ती रद्दीत गेली की पुरावा गेला.